केरोपेगिया म्हणा, नाहीतर गप्प बसा?

डोंगरवेडी :
काल इथल्याच एका सभासदांनी लिहिलं : 'सेरोपेजिया म्हणणाऱ्यांनी आधी लॅटिन शिकावं. लॅटिनमध्ये सी म्हणजे क आणि जी म्हणजे ग. बाकी सगळा अडाणीपणा. नाव धड घेता येत नसेल तर फोटो टाकू नयेत.' कंदीलपुष्पाचा (शास्त्रीय नाव Ceropegia) तो फोटो माझा होता, तेव्हा आता उत्तर सविस्तर घ्या.

कुठलं लॅटिन म्हणताय? रोमन वक्ता सिसेरो स्वतःला किकेरो म्हणायचा, मान्य. पण तो जाऊन दोन हजार वर्षं झाली. इ-ए स्वरांच्या आधीचा तोच सी इटलीतल्या पाद्र्याच्या तोंडी 'च' होतो, जर्मनाच्या तोंडी 'त्स' आणि इंग्रजाच्या तोंडी 'स'. हे नाव १७५३ साली छापलं लिनियसने. तो स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि तिथल्या लॅटिनातही असा सी 'स'च असतो. म्हणजे बारसं करणारा बहुधा 'से' म्हणत होता आणि दोनशे सत्तर वर्षांनी तुम्ही त्यालाच अडाणी ठरवलंत. वनस्पतींच्या नामकरणाची संहिता स्पेलिंगवर पानंच्या पानं खर्च करते, उच्चाराचा नियम घालत नाही. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनवर ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्या विल्यम स्टर्ननीही लिहून ठेवलंय की कानाला बरं वाटावं, समोरच्याला कळावं, बस्स.

फोटो टाकत राहणार. आजही एक टाकलाय.

क_म्हणजे_क :
मीच तो. शब्द कडक होते, पण मागे घेत नाही.

ग्रीकमध्ये केरोस म्हणजे मेण आणि पेगे म्हणजे झरा. मेणाचा झरा! फूल समोर धरून बघा, पटेल. रॉकेलचं इंग्रजी नाव केरोसीन, त्यातला केरोस हाच. त्याला कुणी सेरोसीन म्हणतं का? तुम्ही 'से' म्हणालात की त्या नावातलं मेणच वितळून जातं. 'समोरच्याला कळलं की झालं' हे आपलं नेहमीचंच. रस्ते असेच, भाषांतरं अशीच, दुकानांवरच्या पाट्याही अशाच.

बबन_रॉकेलवाला :
सर, मग सायकलला कूक्लोस म्हणू का? ती पण ग्रीकच. सिनेमा मूळचा किनेमा. आणि सीझर जर कायसर असेल तर बायकोच्या वेळी मी डॉक्टरला 'कायसेरियन करावं लागेल का' असं विचारायला हवं होतं.

आमच्या दारात तामन आहे, मे महिन्यात जांभळा जर्द होतो. त्याला लॅटिन नाव विचारायला अजून एक पाखरू आलेलं नाही.

कुंभा_७७ :
बबनभाऊ 😀

क_म्हणजे_क यांना एकच प्रश्न. सोनचाफ्याच्या शास्त्रीय नावात चंपाका आहे, सरळ आपला चंपक. तुमच्या रोमन नियमाने सीएच म्हणजे ख-कडे झुकणारा क. मग खंपाका म्हणायचं का? कोकमाचा गार्सिनिया हा लोराँ गार्सँ नावाच्या फ्रेंच माणसावरून आलाय. नियम लावून तुम्ही त्याचा गार्किन करणार. आणि अशोकाला रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने असोका लिहिलं म्हणून आपण आपल्याच अशोकाला असोऽका म्हणत फिरतो, तेही वर्गात, फळ्यासमोर उभं राहून. कारवीवरून कार्व्हिया असा वंशच (जवळच्या जातींचा गट) केला होता कुणीतरी. तोही आता मराठी पोरं इंग्रजी वळणाने म्हणतात. घरचंच नाव परदेशी जाऊन आलं की आपल्याला ओळखू येत नाही.

मांडवीकाठ :
कुंभा यांनी बरं आठवलं. 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या झाडांवरचा, डचांनी काढलेला बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये निघाला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य राबले. १६७५ सालचं त्यांचं निवेदन त्यात नागरी लिपीत, कोकणीत छापलंय. चित्रांवरही नावं लॅटिनबरोबर मल्याळी, अरबी आणि नागरीत आहेत. आपल्या झाडांची नावं कशी म्हणतात हे तेव्हाच तांब्यावर कोरून झालंय, आणि लिनियसने भारतीय झाडांसाठी हाच ग्रंथ उघडला होता. आम्ही मात्र इथे सी-वर डोकी फोडतोय.

क_म्हणजे_क :
चंपाकाचा मुद्दा मान्य. गार्सँचाही. माझ्या वाक्यात 'ग्रीक-लॅटिन मुळाच्या नावांत' एवढे शब्द घालून वाचा. झालं समाधान? केरोपेगिया त्यात बसतोच.

पण नावाचा एवढा कळवळा असेल तर राज्यफुलाचं नाव तरी नीट लिहा. वर 'तामन' लिहिलंय. ताम्हण आहे ते. निदान तामण. ण.

बबन_रॉकेलवाला :
आलं का मांजर पोत्याबाहेर. मला वाटलंच, रोम फिरून गाडी आमच्या अंगणात येणार.

आमच्याकडं तामनच म्हणतात. आज्जीनं लावलं तेव्हा तिला ताम्हण म्हणजे फक्त पूजेचं माहीत होतं, तेही दुसऱ्याच्या घरातलं.

क_म्हणजे_क :
कृपया जात आणू नका. ण हा मराठीचा वर्ण आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही.

बबन_रॉकेलवाला :
मी जातीचं नाव घेतलं का कुठं? तुम्हीच ऐकलंत.

वैनगंगा :
इतके दिवस नुसती वाचून राहिली होती, आज लिहिते.

बीएस्सीला होते. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. समोर पळसाची फांदी ठेवली आणि नाव विचारलं. मी 'बुटिया मोनोस्पर्मा' म्हटलं. ते हसले, शेजारच्या मॅडमकडे पाहून म्हणाले, 'बुटिया! बुटक्याची बहीण का?' मी घाबरले, घशाला कोरड पडली, 'सर, पानी पिऊन येऊ का' असं विचारलं, तर 'पानी'वर अजून हसले. पुढचं मला काही आठवत नाही. दहापैकी चार मिळाले.

त्या झाडाचं एकूण एक मला ठाऊक होतं. आमच्या बांधावर पळसच पळस. आई उन्हाळाभर पानं तोडून पत्रावळ्या लावायची, त्या पैशात माझी फी भरली होती. मोनोस्पर्मा का, तर शेंगेत एकच बी. ते सांगायला तोंड उघडलं होतं मी.

खूप वर्षांनी कळलं, त्या वंशाचं नाव ब्यूटचा अर्ल या ब्रिटिश उमरावावरून ठेवलं आहे, म्हणून ब्यूटिया. आणि क_म्हणजे_क सरांच्या रोमन नियमाने यू म्हणजे उ, म्हणजे माझं बुटियाच बरोबर! सर, तुम्ही परीक्षक असता तर मला किती दिले असते?

डोंगरवेडी :
ताई, 🙏

मास्तरकी_सुटली_नाही :
मी निवृत्त शिक्षक, मराठीचा. वैनगंगाताई, तुमच्या परीक्षकांसारखं मीही एकदोनदा हसलोय वर्गात. आता सांगून काही उपयोग नाही.

एक मात्र विचारतो. 'चार आणे' मधला च आणि 'गुरांचा चारा' मधला च एक आहे का? बिलकूल नाही. जगातला ज आणि जिवातला ज? वेगळे. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, पोरं कुठला कुठे ते ऐकून शिकतात, आणि नागपूरचा माणूस एखादा वेगळा म्हणाला तरी चहा मिळतोच. रोमन सी-च्या दोन उच्चारांवर चिडायचं तर आधी आपल्या च-ची फिर्याद दाखल करा.

कोल्हापुरी_खर्डा :
गुरुजी, फिर्याद चालवायला न्यायाधीश पुण्याचा नको.

अर्धा_पुणेकर :
आलंच पुणं. सेरोपेजियाचा आणि सदाशिव पेठेचा काय संबंध?

कोल्हापुरी_खर्डा :
संबंध नव्हता. तुम्ही पेठ काढलीत.

(यापुढचे अकरा प्रतिसाद पेठ, पाट्या आणि मिसळ यांवर आहेत. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

क_म्हणजे_क :
वैनगंगा, तुमच्या नावाआड कोण आहे ठाऊक नाही, पण दहापैकी नऊ दिले असते. एक मार्क कापला असता, कारण ब्यूट हा माणूस होता आणि माणसाचं नाव त्याच्या घरच्यासारखं घ्यावं, असं मी वरच कबूल करून बसलोय. अडचण केलीत.

'अडाणीपणा' आणि 'फोटो टाकू नयेत' ही दोन वाक्यं काढतो. केरोपेगिया काढणार नाही.

बबन_रॉकेलवाला :
आणि तामन?

क_म्हणजे_क :
तामन... तुमच्या दारातलं आहे, तुमचं तुम्ही म्हणा. मी ताम्हण म्हणेन.

बबन_रॉकेलवाला :
मे महिन्यात या बघायला. तेव्हा तोंडातून काय निघतंय ते बघू.

डोंगरवेडी :
वाद मिटलाच आहे तर एक विचारते. पुढच्या रविवारी आम्ही हरिश्चंद्रगडावर जातोय, तिथलं कंदीलपुष्प फुललं असेल. नावाचा दुसरा भाग लॉ या इंग्रज अधिकाऱ्यावरून आहे आणि शेवटी दोन आय येतात. लॉईई? लॉआयआय? लाविई? आणि क_म्हणजे_क, रोमनांकडे डब्ल्यू नव्हताच ना?

क_म्हणजे_क :
रविवारी किती वाजता निघताय?