मदत हवी आहे: डेस्कटॉपचा आवाज पूर्ण बंद, आयकॉनवर मात्र फुली नाही

भिंगरी_७

घरच्या डेस्कटॉपचा आवाज कालपासून गेला आहे. विंडोज ११ आहे. वेगळं साउंड कार्ड नाही, मदरबोर्डवरचीच साउंड चिप. मॉनिटर एचडीएमआय केबलने ग्राफिक्स कार्डाला जोडलाय. दोन छोटे स्पीकर आहेत, त्यांना विजेचा वेगळा अडॅप्टर आहे आणि ३.५ मिमीची पिन कॅबिनेटच्या मागे हिरव्या सॉकेटमध्ये असते.

काल दोन गोष्टी केल्या. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजकडून ते उपकरण चालवून घेणारा प्रोग्रॅम) अपडेट केला, आणि सगळ्या वायरी काढून, कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ साफ केली.

आतापर्यंत पाहिलेलं: आवाजाची पट्टी ८० वर, म्यूट नाही. दोनदा रीस्टार्ट केलं. ट्रबलशूटरला दोष सापडत नाही. पुढच्या सॉकेटला हेडफोन लावला तरी शांतता. तेच स्पीकर मोबाइलला लावले की व्यवस्थित वाजतात. साउंडचा ड्रायव्हर काढून परत टाकू का?

सर्किटवाला

ड्रायव्हरला अजून हात लावू नका. स्पीकर मोबाइलवर तपासलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे स्पीकर आणि त्यांची वायर संशयातून सुटली. आता उरलेल्या रस्त्याचे दोन भाग पाडायचे: विंडोज आवाज बाहेर पाठवतंय का, आणि पाठवत असेल तर तो सॉकेटपर्यंत पोचतोय का.

सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जा आणि अगदी तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. एक जुन्या धाटणीची छोटी खिडकी येईल, तिच्यात 'प्लेबॅक' टॅब. आता ब्राउझरमध्ये एखादं गाणं चालू ठेवून या खिडकीकडे पाहा. प्रत्येक उपकरणाच्या उजवीकडे एक उभी पट्टी असते. ज्या उपकरणाकडे आवाज जातोय त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली हलते.

कुठलीच पट्टी हलत नसेल तर दोष विंडोजच्या आत: त्या प्रोग्रॅमचाच आवाज बंद आहे, किंवा ऑडिओची सेवा अडकली आहे. चुकीच्या उपकरणाची हलत असेल तर आवाज भलतीकडे जातोय. 'स्पीकर्स'ची हलत असेल आणि तरी ऐकू येत नसेल, तर विंडोजने आपलं काम केलंय, पुढे सॉकेट, पिन, वायर तपासायची. अशा वेळी ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी फरक पडत नाही, उलट चालू असलेली सेटिंग्ज बिघडतात.

कुठली पट्टी हलते ते लिहा. प्रत्येक उपकरणाच्या नावाखाली जे लिहिलंय तेही जसंच्या तसं लिहा.

तांबडी_तार

वरच्याला जोडून: ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला की त्याच्याबरोबर एचडीएमआयमधून आवाज नेणारा ड्रायव्हरही नव्याने बसतो, आणि पुष्कळदा मॉनिटरच मुख्य उपकरण होऊन बसतो. मॉनिटरला स्पीकर नसले तरी विंडोजला ते पुष्कळदा कळत नाही. आयकॉनवर फुली नसण्याचं कारणही हेच, कारण उपकरण आहे आणि चालू आहे.

यादीत 'डिजिटल आउटपुट' नावाचंही काही दिसेल. ते ऑप्टिकल केबलसाठी असतं. हिरव्या सॉकेटमधून त्याचा आवाज येत नाही, तेव्हा चुकून ते निवडू नका.

भिंगरी_७

पट्टी मॉनिटरच्या नावापुढे हलत होती! 'स्पीकर्स'वर उजवी क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस' केलं. आता 'स्पीकर्स'ची पट्टी हलते. 'हेडफोन्स'खाली मात्र 'नॉट प्लग्ड इन' असं राखाडी अक्षरात आहे, हेडफोन पुढे लावलेला असूनही.

आणि एक विचित्र गोष्ट. स्पीकरमधून आता आवाज येतो, पण बारीक आणि पोकळ. गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, गायिका जवळजवळ गायब! मागे बारीक घूं असा आवाजही आहे. ड्रायव्हर खराब असेल का?

सर्किटवाला

नाही. हे लक्षण इतकं नेमकं आहे की ड्रायव्हरचा विचारच सोडा.

पिनवर तीन धातूचे भाग असतात: टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्याला उजवा, आणि मुळाशी ग्राउंड, म्हणजे दोघांचा सामाईक परतीचा रस्ता. या मुळाच्या भागाचा संपर्क तुटला की स्पीकरला डावा आणि उजवा स्वतंत्र मिळत नाहीत, त्या दोघांमधला फरक तेवढा मिळतो. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं शून्य, म्हणून गायिका गायब. डावीउजवीकडे पसरलेली वाद्यं उरतात. ग्राउंड तरंगत राहिल्यामुळे घूं घूं येते.

तुमचे स्पीकर मोबाइलवर नीट वाजले, म्हणजे वायरच्या आत ग्राउंड तुटलेलं नाही. मग पिन सॉकेटमध्ये पूर्ण जात नाहीये. एक-दोन मिलिमीटर बाहेर राहिली तरी एवढं होतं. मागे टॉर्च मारून पाहा: पिनची प्लास्टिकची मूठ सॉकेटच्या तोंडाला टेकली पाहिजे, मध्ये धातू चमकता कामा नये.

अडण्याची कारणं साधारण दोनच. शेजारच्या गुलाबी सॉकेटमधल्या माइकची मूठ जाड असते आणि दोन मुठी एकमेकींना ढकलतात. किंवा सॉकेटच्या तळाशी धुळीचा बोळा बसलेला असतो. ब्लोअर मारताना सॉकेट रिकामी होती, त्यामुळे माझा संशय दुसऱ्यावर आहे. संगणक बंद करून पॉवरची वायर भिंतीतून काढा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने बोळा बाहेर ओढा. सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, आतल्या पातळ पट्ट्या वाकतात आणि मग ते सॉकेट कायमचं जातं. टूथपिक आत मोडू देऊ नका. पुन्हा ब्लोअरही नको, बोळा आणखी आत दाबला जाईल.

जुना_मदरबोर्ड

पुढच्या सॉकेटचं मी सांगतो. 'नॉट प्लग्ड इन' म्हणजे हेडफोन लावल्याचं मदरबोर्डला कळतच नाही. साफसफाईनंतर असं झालं असेल तर पुढच्या पॅनेलची ऑडिओ वायर निघालेली असणार.

पॉवरची वायर काढून कॅबिनेट उघडा. पुढच्या पॅनेलकडून येणाऱ्या वायरींमध्ये एका छोट्या काळ्या कनेक्टरवर 'एचडी ऑडिओ' असं लिहिलेलं असतं. ती वायर मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुधा मागच्या कोपऱ्याजवळ लागते. तिथे पाच-पाचच्या दोन रांगांत ९ पिना असतात, दहावीची जागा रिकामी. यूएसबी २.० च्या जागेलाही ९ च पिना असतात, म्हणून घोटाळा होतो. फरक असा: यूएसबीत गाळलेली पिन कोपऱ्यातली असते, ऑडिओत कोपऱ्याच्या अलीकडची. कनेक्टरमधलं एक बुजवलेलं भोक या रिकाम्या जागेवर आलं की तो सहज बसतो. जोर लावावा लागला तर थांबा, जागा किंवा दिशा चुकते आहे.

जुन्या कॅबिनेटमध्ये याच वायरीला 'एसी ९७' (ऑडिओची जुनी पद्धत) लिहिलेला दुसरा कनेक्टरही असतो. तो लावू नका. तो बसतो, कधीकधी आवाजही येतो, पण हेडफोन लावला-काढला हे मदरबोर्डला ओळखता येत नाही.

पानगळ_२

धाग्यात घुसतोय, पण माझ्या लॅपटॉपवर प्लेबॅकची यादीच रिकामी आहे. 'नो ऑडिओ डिव्हाइसेस आर इन्स्टॉल्ड' एवढंच. कालपर्यंत वाजत होता.

तांबडी_तार

तुमच्या बाबतीत मात्र ड्रायव्हरपर्यंत जावं लागेल. या क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर तपासा.

आधी 'रीस्टार्ट' करा, 'शटडाउन' नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपली काही स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि तीच परत उचलतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

मग 'सर्व्हिसेस' उघडून 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही सेवा चालू आहेत का पाहा. पहिली दुसरीवर अवलंबून असते, म्हणून दुसरी आधी सुरू करा.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये पिवळं चिन्ह असलेलं काही असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' चालतं का बघा. कालपर्यंत वाजत होता म्हणता, तेव्हा जुन्या ड्रायव्हरवर परतणं हाच सर्वांत सरळ उपाय. ते बटण फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट. तरीही नाही, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारे फुकट प्रोग्रॅम कृपया वापरू नका. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऑडिओसाठी दोन ड्रायव्हर लागतात, 'इंटेल स्मार्ट साउंड'चा आणि साउंड चिपचा. पहिला नसेल तर दुसरा टाकूनही यादी रिकामीच राहते.

यादीत काहीच आलं नाही तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ऑडिओ 'एनेबल्ड' आहे का बघा. शेवटची कसोटी म्हणजे उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम) पेनड्राइव्ह बनवून, इन्स्टॉल न करता, नुसतं 'ट्राय' करून आवाज ऐकणं. तिथे वाजला तर हार्डवेअर चांगलं आहे.

पानगळ_२

रोल बॅकने काम झालं. मनापासून आभार.

भिंगरी_७

सॉकेटमधून वाटाण्याच्या चौथाईएवढा धुळीचा बोळा निघाला. पिन आता पूर्ण बसते, गायिका परत आली, घूं घूं बंद. पुढची वायर खरंच निघालेली होती, रिकामी जागा जुळवून बसवली. हेडफोन लावला की आता लगेच ओळखतो.

एकच राहिलं: मॉनिटर बंद करून चालू केला की आवाज कधीकधी पुन्हा तिकडे जातो. आणि हेडफोन लावल्यावर मागचे स्पीकर गप्प होतात, हे बरोबर आहे ना?

जुना_मदरबोर्ड

स्पीकर गप्प होणं बरोबर आहे, तो दोष नाही. दोन्हीकडे स्वतंत्र आवाज हवा असेल तर साउंड चिपच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पुढचं आणि मागचं सॉकेट वेगवेगळं वागवायची सोय बहुधा मिळेल.

मॉनिटरसाठी: त्याच प्लेबॅक टॅबमध्ये मॉनिटरच्या नावावर उजवी क्लिक करून 'डिसेबल'. चित्रावर काही परिणाम होत नाही, फक्त आवाजाचा तो रस्ता बंद होतो. परत हवा असेल तर रिकाम्या जागी उजवी क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर खूण करा, तो फिकट रंगात दिसेल, मग 'एनेबल'. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुढच्या वेळी अपडेट केलात की हे उपकरण नव्याने चालू होऊ शकतं, तेव्हा आवाज गेला तर आधी हीच खिडकी उघडा.