मदत हवी आहे: .३०८ ची भरून ठेवलेली काडतुसं, न उडवताच नेकला चिरा

नमस्कार मंडळी, मी टेक्सासला असतो, इथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरता येतात, तर चारेक वर्षं .३०८ विंचेस्टर रीलोड करतोय. डिसेंबरात ५० भरून डब्यात ठेवली होती, परवा रेंजला जायचं म्हणून डबा उघडला तर ७ नगांच्या नेकला (पितळी केसचा बुलेट पकडणारा अरुंद गळा) उभी चीर!! एकही उडवलेलं नाही हो. चीर तोंडापासून खाली शोल्डरकडे (नेकखालचा उतरता भाग) गेलीय, दोऱ्याएवढी बारीक, पण नख फिरवलं की अडकतं, आणि दोघांत तर बुलेट बोटाने गरगर फिरतेय. पोटात गोळाच आला.

केसेस सगळ्या एकाच लॉटच्या, सहाव्यांदा भरलेल्या, ॲनीलिंग (नेक तापवून कडक झालेलं पितळ मऊ करणं) एकदाही नाही (हो, चूक माझीच). लांबी २.००५ इंचावर ट्रिम केलेली आहे, तिथे गडबड नाही. पण डायमधला (केसला पुन्हा मापात दाबणारा साचा) एक्सपांडर बॉल, म्हणजे नेक आतून मापाला रुंद करणारा गोळा, वर येताना किरकिरत नेक ओढायचा म्हणून मी तो काढूनच टाकला होता, नेकमध्ये आतून ग्रॅफाइट लावायला हवं होतं हे आता कळतंय. त्यामुळे नेक आतून .३०४ भरतोय, म्हणजे .३०८ च्या बुलेटवर चार हजारांश इंचाची पकड, मी दोनच धरून चाललो होतो.

आणि खरी भीती पुढे आहे. या वेळी केसेस टंबलरमध्ये (केसेस घोळवून साफ करणारं यंत्र) न टाकता घरातल्या पितळ चकचकीत करायच्या पॉलिशने पुसल्या, त्याला अमोनियाचा उग्र वास होता. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात पागेजवळ ठेवलेल्या काडतुसांना अशाच आपोआप चिरा जायच्या, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण हे कारण १९२१ मध्ये नीट सिद्ध झालं. माझ्याकडे तर ताण पण आहे आणि अमोनिया पण!

चिरलेली ७ बाजूला काढलीत, ती उडवणार नाहीच. प्रश्न उरलेल्या ४३ चा आहे. भिंगातून बघितलं, काही दिसत नाही, पण बाहेरून न दिसणारी चीर आत असेल तर? बुलेट काढून केसेस ॲनील केल्या तर वाचतील का, की अमोनिया लागलेलं पितळ भंगारातच द्यायचं? आणि टॉर्चवर ॲनील करणाऱ्यांनी प्लीज सांगा, ७५० फॅरनहाइटचा टेंपिलॅक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा रंग) नेकच्या आत लावता की बाहेर? केसचं बूड मऊ पडलं तर काम जिवावर बेतेल, म्हणून अंदाजाने करायचं नाहीये.

चिरांचे क्लोजअप फोटो रात्री टाकतो.