‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी: घरच्या संगणकातील नकोसे सॉफ्टवेअर काढतानाचे अनुभव

घरच्या संगणकात न बोलावता काही शिरले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून टाका’, म्हणजे सगळे पुसून नव्याने सुरू करा, हा. तो सल्ला ऐकून मी एकदा घरातले दहा वर्षांचे फोटो घालवून बसलो आहे. म्हणून खान्देशातील सर्वांना विनंती आहे की काय शिरले, ते कशावरून ओळखले आणि काढताना काय वाचले किंवा गेले, हे आपापल्या अनुभवातून सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. जळगावला बहिणीच्या लग्नाची पत्रिका घरीच जुळवायची म्हणून मी एक मराठी फॉन्ट शोधत होतो आणि पानावरचे सर्वांत मोठे हिरवे बटण दाबले. फॉन्ट आलाच नाही. त्याऐवजी हवामान दाखवणारी एक पट्टी आली, संगणक ‘स्वच्छ’ करणारा एक प्रोग्राम आला आणि ब्राउझरचे शोधपान बदलले. तो स्वच्छता-प्रोग्राम दर तासाला शेकडो दोष मोजून दाखवी आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागे. ब्राउझरमधले अनोळखी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) काढले, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर असे. शेवटी कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावली, तेव्हा त्याच दिवशीचे तीन प्रोग्राम एकाखाली एक दिसले. मी निरुपद्रवी समजत होतो ती हवामानाची पट्टीच एक्स्टेंशन पुन्हा बसवत होती. त्यामुळे आधी ते प्रोग्राम काढले, मग एक्स्टेंशन, आणि शेवटी ब्राउझरच्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या. हा क्रम उलटा केला म्हणूनच माझे तीन दिवस फुकट गेले होते. आणखी एक सांगतो, काढतानाच्या खिडकीत ‘ठेवा’ हे बटण ठळक होते आणि ‘काढा’ हे फिकट अक्षरांत कोपऱ्यात होते.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त
आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे संगणकाचा पंखा घरघरू लागला तेव्हा सर्वांनी उन्हाळ्यालाच दोष दिला. मात्र रात्री बारा वाजता, कोणीही काम करत नसताना, तो तसाच घरघरत होता. टास्क मॅनेजर (कोणते प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारी खिडकी) उघडला की पंखा शांत होई आणि बंद केला की पुन्हा सुरू होई, हे लक्षात आल्यावर मला शंका आली. नातवाने फुकटचा म्हणून एक ‘क्रॅक’ केलेला खेळ उतरवला होता आणि त्याबरोबर आमच्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन खणणारा प्रोग्राम आला होता. असे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच स्वतःहून थांबतात, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. अँटिव्हायरसने दोनदा तपासूनही काही सापडले नाही, कारण त्या प्रोग्रामने आपलाच फोल्डर तपासणीतून वगळण्याच्या यादीत घालून ठेवला होता. इंटरनेटची तार काढली, ती यादी रिकामी केली आणि विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी लावली. या तपासणीत संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच शोध घेतला जातो. तिला साधारण 15 मिनिटे लागतात असे सांगतात, आमच्या जुन्या यंत्राला तास लागला. त्यानंतर टास्क शेड्युलरमधील (ठरावीक वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतील) त्या प्रोग्रामची नोंद हाताने पुसावी लागली, नाहीतर तो पुन्हा उगवला असता.

चाळीसगाव, गृहिणी
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहेत’ असे सतत येत होते. प्रत्यक्षात आत काहीही बसलेले नव्हते. एका बातम्यांच्या पानाला सूचना पाठवण्याची परवानगी मीच घाईत दिली होती. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती काढून घेतली आणि विषय संपला.

धुळे, मुलगा पुण्यात नोकरीला
आबा एकटे घरी असताना पडदाभर लाल सूचना आली, भोंगा वाजू लागला आणि ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले. आबांनी फोन केला. पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाने दुरून संगणक चालवता येईल असे सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि ‘परतावा’ देतो म्हणून बँकेचे खाते उघडायला लावले. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी इतक्या आदराने बोलले की संशय येत नाही, त्यांचा दोष मी मानत नाही. सुदैवाने ओटीपी विचारला तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी आधी राउटर बंद करायला सांगितले, मग बाकी सारे. या प्रकारात अँटिव्हायरस गप्प राहतो, कारण दुरून काम करण्याचे ते सॉफ्टवेअर मुळात वैध असते, ते ज्याच्या हाती गेले तो चोर असतो. म्हणून ते काढून टाकणे पुरेसे नाही. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या यंत्रावरून बदलला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

रावेर, केळीचा व्यापार
माझी गोष्ट काढून टाकल्याच्या पश्चात्तापाची आहे. हिशेबाच्या सर्व फायलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली आणि खंडणीची चिठ्ठी आली. दुरुस्तीवाल्याने त्याच संध्याकाळी सगळे पुसून दिले. पुढे कळले की नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि काही कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा काही प्रकारांनी बंदिस्त केलेल्या फायली उघडणाऱ्या किल्ल्या फुकट मिळतात. किल्ली आज नसली तरी पुढे निघू शकते, पण त्यासाठी बंदिस्त फायली आणि ती चिठ्ठी जपून ठेवलेली हवी. माझी बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली असे, त्यामुळे तीही त्याच तावडीत सापडली होती. आता आठवड्यातून एकदा जोडतो आणि लगेच कपाटात ठेवतो.

नंदुरबार, शिक्षिका
मी उलट चूक केली. अनोळखी नावे दिसली ती सारी काढत गेले आणि त्यात लॅपटॉपच्या टचपॅडचा ड्रायव्हरही (तो चालवणारा प्रोग्राम) गेला. घाबरून सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करण्याच्या पद्धतीत) गेले, तर पडद्यावर डिस्कचे कुलूप उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, पण खात्याचा पासवर्ड शाळेच्या वहीत आणि वही शाळेत! आता एखादे नाव काढण्याआधी त्याखाली कोणत्या कंपनीचे नाव आहे आणि ते कधी बसले हे पाहते, आणि रिस्टोर पॉइंट (संगणक आधीच्या स्थितीत नेण्यासाठीची नोंद) केल्याशिवाय हात लावत नाही.

चोपडा
भुसावळच्या काकांना विचारायचे आहे की ती वगळण्याची यादी नेमकी कुठे सापडते? आमचाही पंखा रात्री गातो.

भुसावळ
विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे मॅनेज सेटिंग्ज, आणि पान अगदी तळापर्यंत खाली नेले की एक्सक्लूजन्स दिसेल. तुम्ही स्वतः काही घातलेले नसेल, तर ती यादी रिकामी असायला हवी. ती रिकामीच निघाली, तर संगणक बंद करून, विजेची तार काढून, झाकण उघडा. आमच्या पंख्यातून वाटीभर धूळही निघाली होती.