लॅपटॉपचा स्क्रीन मधेच काळा होतोय, दुकानदार म्हणतो पॅनल बदला

सातारची टायपिस्ट

नमस्कार. साताऱ्यात कोर्टाजवळ माझं टायपिंगचं छोटं ऑफिस आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, खरेदीखतं, वकिलांचे दावे आणि कैफियती, असं सगळं काम. लॅपटॉप १५ इंची, विंडोज ११, घेऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून काम करता करता त्याचा स्क्रीन एकदम काळा होतो. फडफडत नाही, रेषा येत नाहीत, हळूहळू मंदही होत नाही, फुंकर मारून दिवा मालवावा तसा जातो. माउस हलवला, की-बोर्डची बटणं दाबली तरी काही नाही. मग कधी पॉवरचं बटण दाबल्यावर येतो, कधी आपोआप. आला की पिन मागतो, आणि फाइल जशीच्या तशी उघडी असते.

काल एका खरेदीखताच्या चतुःसीमा टाइप करत होते. पूर्वेस शिवरस्ता, पश्चिमेस गट नंबर, इतकं झालं आणि गेला. चतुःसीमेत एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पक्षकाराला पुन्हा चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, दुय्यम निबंधकाकडे नव्याने हेलपाटे. अर्ध्या ओळीत काम तुटणं मला खरंच परवडत नाही.

लॅपटॉप दुकानात ठेवून आले होते. त्यांनी दिवसभर व्हिडिओ लावून ठेवला, एकदाही गेला नाही. तरी म्हणतात पॅनल कमजोर झालंय, साडेपाच हजार होतील. त्यांना दाखवायला बिघाडाचा व्हिडिओ काढावा म्हणून मोबाइल हातात घेते, तोवर स्क्रीन परत आलेला असतो. घरी मुलगी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघते, तेव्हाही काही होत नाही. माझ्या टायपिंगच्या वेळीच जातो. स्लीपची वेळ ‘नेव्हर’ केली, डिस्प्लेचा ड्रायव्हर अपडेट केला. चार्जर लावलेला असो वा नसो, फरक नाही. पैसे घालायला हरकत नाही, पण पॅनल बदलूनही तेच झालं तर काय? आधी काय तपासू?

कोथरूडकर

ताई, झाकणाची बिजागरी बघा. भावाच्या लॅपटॉपला असंच व्हायचं. डिस्प्लेची केबल बिजागरीतूनच वर जाते, आणि रोजच्या उघडझापीने तिच्यातल्या बारीक तारा तुटत जातात. त्याचं झाकण ठरावीक कोनाच्या मागे गेलं की काळं, जरा पुढे घेतलं की चालू. केबल बदलून काम झालं, पॅनल जुनंच आहे. लॅपटॉप चालू ठेवून झाकण अगदी सावकाश पुढेमागे करून बघा. बिजागरीपाशी करकर आवाज येतो का, प्लास्टिक उचकटलंय का, तेही बघा.

दुरुस्ती टेबल, नाशिक

ताई, पॅनलचे पैसे इतक्यात देऊ नका. आणि दुकानदारावर रागावूही नका. जो बिघाड दुकानात दिसलाच नाही तो त्याला सापडणार कसा? पॅनल बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून पहिलं बोट तिकडे जातं. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला पॅनलचं लक्षण एकही दिसत नाही.

‘स्क्रीन काळा होतो’ या एकाच तक्रारीत माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. एकीत चित्र पॅनलवर उमटतंय, पण त्याच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद पडलाय. दुसरीत चित्र पॅनलपर्यंत पोहोचतच नाही. कोथरूडकर म्हणतात ती केबल या गटात येते. तिसरीत पॅनल, केबल, बॅकलाइट सगळं धडधाकट असतं, लॅपटॉपनेच स्क्रीन बंद केलेला असतो, कारण त्याला कुठून तरी तसा हुकूम मिळालाय. तिन्हींचा खर्च वेगळा, आणि तिसरीचा तर बहुतेकदा शून्य. त्यामुळे आधी आपली गोष्ट कुठली हे ठरवायचं.

स्क्रीन गेला की पॉवरच्या बटणाला हात लावू नका. खोलीतला दिवा बंद करून एक टॉर्च घ्या आणि स्क्रीनवर तिरका धरा, अगदी जवळून. समोरून धरला तर काचेवरची चमक सोडून काही दिसत नाही. तिरक्या उजेडात खिडक्या, अक्षरं, टास्कबार असं काही पुसट दिसलं तर बॅकलाइटचा प्रश्न. काहीच दिसलं नाही तर पुढे चला.

एक गाणं लावून टायपिंगला बसा. स्क्रीन गेल्यावर गाणं चालूच राहिलं तर लॅपटॉप जागा आहे, फक्त डिस्प्ले गेलाय. गाणं थांबलं तर तो झोपलाय. ही खूण मला टॉर्चइतकीच भरवशाची वाटते, कारण तुटलेल्या केबलमुळे गाणं थांबत नाही. तुम्ही लिहिलंय की परत आल्यावर पिन मागतो. नुसता बॅकलाइट किंवा केबल गेली असती तर तुम्ही थेट खरेदीखतावर परत आला असता. म्हणून माझा कल तिसऱ्या गोष्टीकडे आहे, पण कल म्हणजे निदान नव्हे.

एचडीएमआय केबल असेल तर घरचा टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र राहिलं आणि लॅपटॉपचं गेलं तर बिघाड झाकणात किंवा केबलमध्ये. दोन्हीकडचं एकदम गेलं तर पॅनलचा दोष नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, येणाऱ्या यादीतून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टम’. स्क्रीन गेल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा आणि त्या वेळेची ‘कर्नल-पॉवर’ नावाची नोंद शोधा. ४१ नंबर असेल तर लॅपटॉप नीट बंद न होता अचानक बंद पडून पुन्हा सुरू झालाय, तेव्हा वीज, बॅटरी, मदरबोर्ड इकडे बघायचं. ४२ किंवा ५०६ असेल तर तो रीतसर झोपलाय, आणि त्याच नोंदीत खाली ‘रीझन’ म्हणून कारण लिहिलेलं असतं. ते कारण इथे कळवा.

आणखी एक सांगा. टायपिंगच्या वेळी टेबलावर असं काय असतं जे दुकानात नव्हतं आणि मुलगी व्हिडिओ बघते तेव्हाही नसतं? घड्याळ, बांगड्या, दुसरा लॅपटॉप, स्पीकर, काहीही.

सातारची टायपिस्ट

दादा, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. आज ऑफिसात सगळं करून बघितलं.

झाकण पुढेमागे केलं, काही होत नाही, बिजागरी घट्ट आहे. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही. गाणं लावलं होतं, स्क्रीन गेला त्या क्षणी तेही थांबलं. टीव्ही इथे नाही, ते राहिलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११ वाजून ४० मिनिटांची नोंद सापडली. कर्नल-पॉवर, ५०६, आणि खाली रीझन: ‘लिड’. लिड म्हणजे झाकण ना? पण झाकण तर पूर्ण उघडं होतं, मी समोरच बसले होते! मागच्या नोंदी चाळल्या, तिथेही जागोजागी ‘लिड’च आहे. काल चतुःसीमेच्या वेळी गेला त्याचीही.

टेबलावर डावीकडे स्टॅपलर, शिक्का आणि शाईचं पॅड असतं. पक्षकार हाताने लिहिलेल्या मजकुराचे आणि सातबाऱ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते बघून टाइप करायला मोबाइल लॅपटॉपवरच, टचपॅडच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागेत ठेवते. उजव्या हाताला चहा. घड्याळ घालत नाही.

दुरुस्ती टेबल, नाशिक

मोबाइलचं कव्हर कसलं आहे? पुस्तकासारखं उघडणारं, टपकन चिकटणारी पट्टी असलेलं?

सातारची टायपिस्ट

हो! तसंच आहे. गेल्या महिन्यात मुलीने वाढदिवसाला दिलं.

दुरुस्ती टेबल, नाशिक

मग सापडलं. त्या पट्टीत लोहचुंबक असतं.

झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला कळतं ते असं. जुन्या लॅपटॉपना बिजागरीपाशी एक छोटा खटका असायचा, झाकण त्यावर टेकलं की दाबला जायचा. आता झाकणाच्या कडेत तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक बसवतात आणि खाली, हात टेकतो त्या भागाच्या आत, एक सेन्सर. झाकण मिटलं की दोन्ही समोरासमोर येतात. या सेन्सरला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिलं होतं की वीज वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकाचा प्रभाव पडला की तिच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. सेन्सर तेवढाच दाब ओळखतो. चुंबक झाकणातलं आहे की मोबाइलच्या कव्हरमधलं, हे कळायची सोय त्याच्यात नाही. चुंबक जवळ आलं म्हणजे झाकण मिटलं, असंच तो धरतो, आणि विंडोज लॅपटॉपला झोपवतं.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते व्हिडिओचं. बिघाड दाखवायला तुम्ही मोबाइल उचलायच्या, म्हणजे चुंबकच उचलायच्या. लॅपटॉपला वाटायचं झाकण उघडलं, आणि तो जागा व्हायचा. स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करूनही उपयोग झाला नाही तो यामुळेच. झाकणाचा हुकूम त्या वेळेवर अवलंबून नसतो.

खात्री करून घ्या. फाइल सेव्ह करा, मोबाइल कव्हरसकट हातात घ्या आणि पट्टीची बाजू खाली करून टचपॅडच्या डावीकडून की-बोर्डच्या कडेपर्यंत सावकाश फिरवा. एका ठरावीक जागी आला की स्क्रीन जाईल. त्या जागी पेन्सिलने बारीक खूण करा. तिथे चुंबक येऊ द्यायचं नाही, एवढाच उपाय. कव्हर लेकीने दिलंय, ते टाकून द्यायची गरज नाही, मोबाइल एखाद्या स्टँडवर लॅपटॉपच्या बाजूला उभा करा. वाचायलाही ते बरं, मान कमी वाकते.

कोणी सांगेल की कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ करा. त्याने लॅपटॉप झोपणार नाही हे खरं, पण बहुतेक लॅपटॉपचा स्वतःचा डिस्प्ले तरीही बंद होतो. शिवाय मग झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप आत जागाच राहून तापतो. तुम्हाला ते सुचवणार नाही.

सातारची टायपिस्ट

केलं. शिक्का ठेवते तिथून दोन बोटं आत, टचपॅडच्या डाव्या कोपऱ्याजवळ. कव्हरची पट्टी तिथे आली की गेला, उचलली की आला. पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी तिथेच. वकीलसाहेबांनाही बोलावून दाखवलं. त्यांच्या ज्युनिअरचा लॅपटॉप दुसऱ्या एका लॅपटॉपवर ठेवला की बंद पडतो म्हणे, तेही हेच असणार ना? मोबाइल आता स्टँडवर आहे आणि संपूर्ण खरेदीखत एका बैठकीत झालं. दादा, मनापासून आभार.

दुरुस्ती टेबल, नाशिक

हो, तेही हेच. खालच्या लॅपटॉपच्या झाकणातलं चुंबक वरच्याच्या सेन्सरला लागतं. मधे जाड वही किंवा फळी ठेवायला सांगा.

खान्देशी

माझं थोडं वेगळं आहे, इथेच विचारतो. स्क्रीन काळा झाल्यावर टॉर्च धरला तर डेस्कटॉप पुसट दिसतो, गाणं चालू राहतं. पावसाळ्यात बॅग भिजली होती, तेव्हापासून सुरू झालंय. आधी मधेच जायचा, आता कायमचाच गेला. टीव्हीवर स्वच्छ दिसतं. ब्राइटनेसची बटणं दाबून काही फरक नाही. केबल ऑनलाइन मागवून घरीच बदलू का?

दुरुस्ती टेबल, नाशिक

भाऊ, तुमचं पहिल्या गोष्टीतलं, बॅकलाइट. घरी उघडू नका, किंवा उघडायचंच असेल तर हे वाचून मग उघडा.

पॅनलला मदरबोर्डकडून दोन वेगळ्या विजा जातात. चित्रासाठी साधारण ३.३ व्होल्ट, आणि बॅकलाइटसाठी त्याहून बरीच जास्त, बॅटरी किंवा चार्जरच्या व्होल्टेजच्या आसपास. दोन्ही त्याच केबलमधून, शेजारशेजारच्या पिनांवरून. केबलच्या टोकाशी पाणी गेलं किंवा बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी खुपसली तर या पिना एकमेकींना लागतात, आणि बॅकलाइटच्या वाटेवर मदरबोर्डवर असलेला छोटा फ्यूज उडतो. केबल नवीन, पॅनल नवीन, तरी उजेड नाही, असे लॅपटॉप माझ्याकडे येतात ते बहुतेक असेच घरी किंवा घाईत उघडलेले. तुमचाही फ्यूज भिजल्यामुळे गेलेला असू शकतो, किंवा पिनांवर हिरवट गंज धरलाय आणि फ्यूज शाबूत आहे. मीटर लावल्याशिवाय हे सांगता येत नाही.

आपल्या गावात मदरबोर्डचं चिप-लेव्हल काम, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग तपासून बदलायचं काम, करणारा शोधा. त्याला इतकंच सांगा: ‘टॉर्चमध्ये चित्र दिसतं, टीव्हीवर ठीक, पाण्यानंतर सुरू झालं, आधी बॅकलाइटचा फ्यूज आणि केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना तपासा.’ उडालेल्या फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून द्यायला नाही म्हणा. पुढच्या वेळी दोष आला की तारेऐवजी पॅनल किंवा बोर्ड जळतो. फ्यूज नवीन बसवला तरी तो का उडाला ते सापडेपर्यंत लॅपटॉप ताब्यात घेऊ नका. आणि पॅनल बदललंच तर जुनं मागून घ्या.