मदत हवी आहे: निकोला टेस्लाचा देश कोणता लिहावा?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शास्त्रज्ञांचे फलक करतेय. टेस्लापाशी अडले. जन्म 1856, स्मिल्यान. तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्य, आज क्रोएशिया. घराणं सर्बियन, वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. 1891 मध्ये अमेरिकन नागरिकत्व. सर्बियाच्या 100 दिनारच्या नोटेवर तो आहे आणि क्रोएशियाच्या युरो सेंट नाण्यांवरही!

संदर्भग्रंथ पाहिले, एकमत नाही. 'सर्बियन-अमेरिकन' मला पटतं, पण त्यात जन्मस्थान हरवतं. 'ऑस्ट्रियन' तर वाचणाऱ्या मुलांची दिशाभूलच करेल. फलकावर एकच ओळ मावते, तळटीपेला जागा नाही. मेरी क्युरीचा फलकही याच कारणाने थांबलाय. तिचं जन्मगाव वॉर्सा आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

इतिहास शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं: अशा वेळी जन्मावेळचं राज्य, वंश आणि स्वीकारलेलं नागरिकत्व यांपैकी काय आधी लिहायचं?