थर्ड शिफ्टच्या आठवड्यात व्यायाम नेमका कधी करावा?

नमस्कार मंडळी,

चाकणला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीनवर) आहे, राहायला निगडीला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट-सेकंड निभतात, पण थर्डच्या (रात्री ११ ते सकाळी ७) आठवड्यात अंग शिशासारखं जड होतं. गुरुवारची सुट्टी झोपण्यात जाते, तरी शुक्रवारी थकवा तसाच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर तपासून झालंय, सगळं नॉर्मल आहे.

मागच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) टाकताना माझं दशांशाचं टिंब एक घर सरकलं. शेजारच्या मशीनवरच्या दादांनी स्क्रीन पाहून माझा हात धरला, नाहीतर टूल जॉबवर (मशीनला लावलेल्या तुकड्यावर) आदळलं असतं. तेव्हापासून माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही.

मावसभाऊ मुंबईला एटीसीमध्ये (विमानांच्या वाहतूक नियंत्रणात) आहे. तो म्हणाला, पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा मुरलेल्या माणसाचंही डोकं मंद चालतं. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर रात्री टॉवरमध्ये एकटाच असलेल्या कंट्रोलरला झोप लागली आणि दोन विमानं टॉवरच्या परवानगीशिवाय उतरली. त्यानंतर तिथे रात्री दुसरा माणूस दिला आणि दोन शिफ्टमधली किमान विश्रांती ८ वरून ९ तास केली. भाऊ स्वतः रिलीफ मिळाला (थोडा वेळ दुसऱ्याने जागा घेतली) की जिने चढतो-उतरतो. फिनलंडमध्ये पाळीत काम करणाऱ्या नर्सेसना चार महिने व्यायाम करायला लावल्यावर त्यांचा थकवा कमी झाला, हेही त्यानेच सांगितलं.

मनावर घेतलं. बसमधून उतरून थेट दुर्गा टेकडी, चार दिवस. पण घरी येऊन नऊला आडवा झालो की डोळे टक्क उघडे! सकाळचं ऊन अंगावर घेतल्यानेच झोप उडाली, असं आता वाटतं. बाराला कुठे डोळा लागतो, तर एकला मुलं शाळेतून येतात.

म्हणून विचारतो. थर्डच्या आठवड्यात संध्याकाळी उठल्यावर, कामाला निघण्याआधी व्यायाम केलेला चालतो का? रोज अर्धा तास भरभर चालणं पुरे, की वजनंही उचलावीत? आणि तीनच्या ब्रेकमध्ये आवारात फेऱ्या माराव्यात की वीस मिनिटं डुलकी काढावी? डुलकीनंतर मला काही वेळ सुधरत नाही, आणि लगेच मशीनवर उभं राहायची भीती वाटते.

नर्सिंग, पोलीस, कंपनी, कुठेही बरीच वर्षं रात्रपाळी केलेल्यांनी आपली झोपेची आणि व्यायामाची वेळ लिहावी, ही विनंती. येत्या शुक्रवारपासून माझी पुन्हा थर्ड आहे.