मदत हवी आहे: अंगाला घाण फासायची सोडून गाडीखाली का शिरतात?

कढीपत्ता
रात्रीच्या जेवणाआधी उत्तर हवंय, प्लीज. हायवेवर झॉम्बींची (चालत्या मुडद्यांची) झुंड येते तेव्हा सगळे गाड्यांखाली का शिरतात? त्यांचीच आतडी गळ्यात घातली की माणसाचा वास दबतो आणि त्यांच्या गर्दीतून आरामात चालता येतं, हे पहिल्या सीझनच्या दुसऱ्याच भागात दाखवलंय ना! मग आता ते कुणालाच कसं आठवत नाही? ती कॅरोलची पोरगी सोफिया तर नाहक जंगलात पळाली. नवरा आणि दीर मिळून मला पिडतायत, "तुझी मालिका बिनडोक" म्हणून. मुद्देसूद उत्तर द्या. "लेखक विसरले" हे सांगू नका, ते दिराने सांगून झालंय.

निवांत_गडी
कुठली मालिका?

खाऊगल्ली
कोरियन बघा हो. तिथले झॉम्बी धावतात, असले प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

कढीपत्ता
अहो, वॉकिंग डेड! हायवे आणि आतडी म्हटल्यावर दुसरी कुठली असणार?

निवांत_गडी
ताई, २०१० ते २०२२ चाललेली मालिका आहे. ११ सीझन, १७७ भाग. हायवे आणि आतडी यांची त्यात कमी नाही. तुम्ही कुठवर पाहिलंय ते सांगा, म्हणजे बेतानं बोलता येईल.

दादरचा_दादा
विसरलेले अजिबात नाहीत. पुढे टर्मिनस नावाच्या तळावर कॅरोल एकटी अशीच घाण फासून शिरते. अलेक्झांड्रिया नावाच्या वस्तीत सगळे चादरी माखून पांघरतात आणि हात धरून बाहेर पडतात, मग ते लहान पोरगं घाबरून "आई, आई" करायला लागतं आणि

कढीपत्ता
थांबा!! दुसऱ्या सीझनचा पहिलाच भाग झालाय माझा! म्हणजे कॅरोल जगते??

दादरचा_दादा
कुठवर पाहिलंय ते आधी लिहायचं ना.

निवांत_गडी
विचारलं होतं मी. असो. फक्त तुमच्या भागापुरतं बोलतो. पहिल्या सीझनला अटलांटात आतडी घातली तेव्हा त्यांच्याकडे वेळ होता. बंद दुकान, आत ओढून आणलेला मेलेला वॉकर (मालिकेत झॉम्बींना वॉकर म्हणतात), अंगावर घालायला कोट, हातमोजे, कुऱ्हाड. एवढं असूनही नायक रिक आधी त्याचं पाकीट काढतो. वेन डनलॅप, जन्म १९७९, खिशात २८ डॉलर आणि एका मुलीचा फोटो. ते मोठ्यानं वाचतो आणि मगच कुऱ्हाड चालते. त्यात त्याचा साथीदार ग्लेन म्हणतो, हा अवयवदाता होता! हायवेवर मात्र त्यांच्यातल्या डेलला गाडीच्या टपावरून झुंड दिसते ती अगदी जवळ आल्यावर. तेवढ्या वेळात कुणाला फाडणार आणि कुणाला माखणार?

दादरचा_दादा
वेळेचा मुद्दा पटत नाही. त्याच प्रसंगात त्यांच्यातलाच डॅरिल एक प्रेत सोबतच्या टी-डॉगवर ओढतो आणि एक स्वतःच्या अंगावर घेतो. फाडायची गरजच नाही. शिवाय रस्ताभर गाड्यांत प्रेतंच प्रेतं. माल कमी होता का?

निवांत_गडी
प्रेताखाली निपचित पडणं वेगळं आणि झुंडीतून चालणं वेगळं. गाडीखाली रिकच्या बायकोला, लोरीला, कॅरोलच्या तोंडावर हात दाबून धरावा लागतो, इतकी ती बाई हादरलेली असते. तिला आतडी घालून त्यांच्यातून चालवणार? आणि सोबत दोन मुलं? रिक आणि ग्लेनसारखे दोन धट्टेकट्टे जण चालत गेले तरी पाऊस आल्याबरोबर सगळं धुऊन निघालं आणि जीव मुठीत धरून पळावं लागलं. रिकच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं असणार. लपलो तर निघून जातील, हा त्याचा हिशेब त्या घडीला बरोबरच आहे. सोफिया घाईनं, आधीच बाहेर आली म्हणून घोळ झाला.

जॉर्जियाकर
पावसाबद्दल, मी अटलांटाजवळ राहते. इकडे उन्हाळ्यात दुपारी ढग कधी भरून येतील नेम नसतो, त्यामुळे ते दृश्य मला एकदम खरं वाटलं. बाय द वे, सीडीसीची (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची) म्हणून दाखवलेली इमारत सीडीसीची नाहीच, ते कॉब एनर्जी नावाचं नाट्यगृह आहे. आणि पुढची बरीच गावं सेनोयाला शूट केलीत. कुणी आलं तर नक्की जा.

खाऊगल्ली
सेनोयात जेवायला काय मिळतं?

यंत्रज्ञ
खरा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. इतक्या वर्षांनी गाड्या चालतात कशा? अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. काही महिन्यांतच पेट्रोल खराब व्हायला लागतं. डिझेल थोडं जास्त टिकेल. पण हे लोक वर्षानुवर्षं पाइपनं पेट्रोल उपसून गाड्या पळवतायत.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
इथेनॉलचं नाव काढू नका. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून माझ्या गाडीचं मायलेज घसरलंय.

यंत्रज्ञ
थोडं घसरणारच, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. पण टायरची हवा तपासलीत का?

कढीपत्ता
धागा कशाचा आहे?? मुलांचा मुद्दा चांगला आहे, तो सांगते दिराला. पण तो म्हणणार, मुलांना चादरीत गुंडाळून वर घाण लावायची.

दादरचा_दादा
तेच तर पुढे करतात!

कढीपत्ता
सांगू नका म्हटलं ना!

निवांत_गडी
दिराला सांगा, टी-डॉगचा हात आठव. गाडीच्या पत्र्यावर नस फाटलीय, रक्ताची धार लागलीय. चावल्यावर ताप येऊन मरतात एवढंच त्यांना माहीत. ती घाण उघड्या जखमेत गेली तर काय होईल हे तेव्हा कुणालाच माहीत नाही. पुढच्याच भागात त्याच्या रक्तात संसर्ग होतो. (हा स्पॉइलर चालवून घ्या, छोटा आहे.)

दादरचा_दादा
तो संसर्ग गंजक्या पत्र्याचा. गोळ्या घेऊन बरा होतो. वॉकरच्या घाणीचा असता तर मेला असता.

निवांत_गडी
आता कसं बोललात! मालिकेची खरी भानगड इथेच आहे. पहिल्या सीझनमध्ये माखले तरी काही होत नाही. आठव्यात, नावं घेत नाही, तीच घाण फासलेला एक जण अंथरूण धरतो आणि तिच्यात बुडवलेल्या हत्यारांनी जखमी झालेले मरून उठतात. मधल्या सगळ्या सीझनमध्ये लोक तोंडावर रक्ताच्या चिळकांड्या घेत फिरतात तेव्हा मात्र कुणाला शिंकही येत नाही. हायवेवर लपणं शहाणपणाचंच होतं. लेखकांना बोल लावायचा असेल तर या रक्ताच्या नियमावरून लावा.

दादरचा_दादा
हे मान्य. पण तरी हर्षेलचा पाय

कढीपत्ता
हर्षेल कोण? अजून आलाच नाहीये!

दादरचा_दादा
येईल. पायाकडे लक्ष ठेवा.

जॉर्जियाकर
दादा, तुम्हाला धाग्याबाहेर काढायला हवं.

कढीपत्ता
जेवणं झाली. लोरीनं तोंड दाबलं तो मुद्दा चालला, नवरा गप्प झाला. दीर मात्र आता दुसरंच काढून बसलाय. रिक सोफियाला ओढ्याकाठी लपवतो आणि "सूर्य डाव्या खांद्यावर ठेवून परत जा" असं सांगतो. एवढ्याशा भेदरलेल्या पोरीला हे कळणार होतं का? हातात पिस्तूल असताना दोन वॉकर तिथेच का उडवले नाहीत?

निवांत_गडी
गोळीचा आवाज झाला असता तर हायवेवरची अख्खी झुंड जंगलात वळली असती. म्हणून तर त्यांना लांब नेऊन दगडानं ठेचतो. सूर्याबाबत मात्र दिराला पूर्ण मार्क.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
टायरची हवा बरोबर आहे. आता बोला.